सही करण्यापूर्वीं

मराठी भाषेंत पवित्र शास्त्राच्या दोन भागांस 'जुना करार' व 'नवा करार' अशीं नांवें आहेत. आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवर हीं नांवें इतक्या वेळां पडतात कीं, बाजारांत, कचेरींत व शेताच्या बांधावर आपण नित्य वापरतों तोच हा 'करार' शब्द आहे, याचें त्यांस भान राहत नाहीं. घर भाड्यानें देण्याचा करार, ऊसतोडीचा करार आणि परमेश्वरानें मनुष्याशीं केलेला करार, या सर्वांस आपल्या भाषेनें एकच शब्द योजिला आहे. आमच्या मतें यांत मोठा बोध आहे. ज्या शब्दानें धर्माचें मूळ सांगावयाचें, त्याच शब्दानें स्टँपाच्या कागदावरील व्यवहारही सांगावयाचा असेल, तर त्या व्यवहारास धर्माची कसोटी लागू नाहीं असें म्हणण्यास आपणांस जागा उरत नाहीं.

प्रस्तुत लेखांत करार व मालमत्ता यांविषयीं ख्रिस्ती नीतिशास्त्र काय सांगतें आणि आपल्या देशाचा कायदा काय सांगतो, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें शिकतात व हें वार्षिक त्यांच्या सर्वांच्या घरीं वाचलें जातें, हें आम्ही जाणतों. म्हणून शास्त्रांतील ज्या गोष्टी आम्ही सांगणार आहों, त्या केवळ एका समाजाच्या नसून कोणाही न्यायप्रिय मनुष्यास पटतील अशाच निवडल्या आहेत.

हा विषय आतांच घेण्याचें कारण आमच्या वेळापुराच्या आजच्या स्थितींत आहे. एके काळीं हा सारा माळशिरस तालुका दुष्काळी म्हणून प्रसिद्ध होता. नीरा उजव्या कालव्याचें पाणी आलें, ऊस आला, आणि जमिनीस मोल आलें. पुढें ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग रुंद करण्याचें काम निघालें. 2021 सालीं त्याचा पायाभरणी समारंभ झाला. रस्त्यासाठीं ज्यांची जमीन गेली त्यांस मोबदला मिळण्याची वेळ आली, आणि सातबाऱ्यावर कोणकोणाचें नांव आहे हा प्रश्न घरोघर उभा राहिला. ज्या घरांत वीस वर्षांत कोणी सातबारा उघडून पाहिला नव्हता, त्या घरांत रात्र रात्र बसून कागद चाळले जाऊं लागले. ज्या बहिणींस सणाखेरीज कोणी बोलावीत नसे, त्यांस अकस्मात् माहेराहून निरोप येऊं लागले. मात्र हे निरोप बहुधा हिस्सा देण्यासाठीं नसून सही घेण्यासाठीं होते. या सहीविषयींच आम्हांस मुख्यतः लिहावयाचें आहे. परंतु त्यापूर्वीं कांहीं मूळ तत्त्वें स्पष्ट केलीं पाहिजेत.

पहिलें तत्त्व मालकीविषयीं आहे. शास्त्र मालमत्तेस पाप म्हणत नाहीं. शेजाऱ्याची सीमा सरकवूं नये, अशी अनुवादाच्या पुस्तकांत स्पष्ट आज्ञा आहे. आणि सीमा सरकविणें हा अपराध ठरावयाचा तर शेजाऱ्याची मालकी खरी मानलीच पाहिजे. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या व सप्पीरा या दांपत्याची गोष्ट आहे. त्यांनीं शेत विकून किंमतीचा कांहीं भाग मागें ठेवला आणि सर्वच आणून दिल्याचा बहाणा केला. पेत्रानें त्यांस दोष दिला तो पैसे राखून ठेवल्याबद्दल नव्हे. शेत त्यांचें होतें व विकल्यावर पैसाही त्यांच्याच स्वाधीन होता, हें त्यानें आपण होऊन मान्य केलें. दोष होता तो लबाडीचा.

परंतु त्याचबरोबर शास्त्र असेंही सांगतें कीं, मनुष्याची मालकी ही अखेरची मालकी नव्हे. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायांत जमीन कायमची विकूं नये असा नियम आहे, कारण जमीन परमेश्वराची असून मनुष्य तिजवर पाहुण्यासारखा राहतो. दर पन्नासाव्या वर्षीं जमीन मूळ कुळाकडे परत जावी. म्हणून विकत घेणाऱ्यानें किंमत ठरवितांना त्या वर्षापर्यंत किती पिकें हातीं येतील तें मोजावें. म्हणजे विकलें जातें तें शेत नव्हे, तर पिकें होत. शेतकऱ्याच्या मुलास यांतील शहाणपण समजावून सांगण्याची गरज नाहीं. बापाच्या अडचणीच्या एका वर्षासाठीं नातवंडांनीं जन्मभर भूमिहीन राहूं नये, हाच त्याचा अर्थ. हा नियम आज जसाच्या तसा चालविणें शक्य नाहीं. पण आपल्या हातीं असलेली जमीन ही मागून आलेली व पुढें द्यावयाची ठेव आहे, ही दृष्टि आजही ठेवतां येते.

आपल्या पूर्वजांसही ही गोष्ट ठाऊक होती. वेळापुरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवालयांतील यादवकालीन मराठी शिलालेख आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिले असतील. त्या काळीं महाराष्ट्रांत दानपत्रें दगडावर कोरीत, आणि कित्येक ठिकाणीं त्या दगडावर गाढवाचें चित्र काढून, दिलेलें दान जो मोडील त्यास कठोर शिवी कोरून ठेवीत. अशा दगडास गद्धेगाळ म्हणतात. कोंकणांत आक्षी येथें शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012 चा, असाच शापवचनाचा शिलालेख आहे. त्या शिवीची भाषा शाळेच्या वार्षिकांत छापण्याजोगी नाहीं. परंतु तिच्यामागील भय विचार करण्याजोगें आहे. कागद झाला, साक्ष झाली, तरी पुढची पिढी वचन मोडील हें दात्यास ठाऊक होतें. दगड बोलतो, पण दगड अडवूं शकत नाहीं. अडवूं शकेल तें मनुष्याचें मन, म्हणून शेवटीं त्या मनासच शाप घालावा लागला.

दुसरें तत्त्व कराराविषयीं आहे. तें समजण्यासाठीं जुन्या करारांतील दोन दस्तऐवजांची गोष्ट शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी.

नाबोथ नांवाच्या मनुष्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजानें तो मागितला. बदली मळा किंवा रोख किंमत देऊं केली. नाबोथानें वडिलांचें वतन देण्याचें नाकारलें. तेव्हां ईजबेल राणीनें काय केलें? तिनें दरोडेखोर पाठविले नाहींत. तिनें पत्रें लिहिलीं, त्यांवर राजाची मोहर केली, दोन साक्षीदार उभे केले, नगरांतील वडील जन बसविले आणि रीतसर चौकशी करवून नाबोथास दगडमार करविला. मळा राजाच्या ताब्यांत आला. कागद होता, शिक्का होता, साक्षीदार होते, पंच होते. न्याय मात्र नव्हता.

आतां दुसरी गोष्ट. यरुशलेमेस बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. यिर्मया संदेष्टा कैदेंत होता. अशा समयीं त्याच्या चुलत्याचा मुलगा हनामेल त्याजकडे आला व अनाथोथ येथील आपलें शेत विकत घेण्यास त्यानें विनविलें. शत्रु ज्या भूमींत तळ देऊन बसला आहे तेथील शेताची किंमत ती काय? तरी यिर्मयानें सतरा शेकेल रुपें साक्षीदारांसमक्ष तोलून दिलें. खरेदीखत लिहिलें; एक प्रत मोहरबंद केली, एक उघडी ठेवली, आणि दोन्ही मातीच्या भांड्यांत जपून ठेवण्यास बारूखास सांगितलें, कारण या देशांत पुन्हां घरें व शेतें यांची खरेदी होईल असा त्याचा विश्वास होता. येथेंही कागद, मोहर व साक्षीदार हेंच सारें आहे. परंतु सौदा उघड्यावर झाला, पैसा तोलून दिला, आणि पडत्या काळाचा फायदा घेऊन नातलगास लुबाडलें नाहीं.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. दस्तऐवज हा न्यायाचा सेवक होऊं शकतो, तसाच अन्यायाचाही. तो कोणाचा सेवक झाला आहे हें कागदावरील शाईवरून कळत नाहीं. सही करणाऱ्याचें मन मोकळें होतें काय व त्यास सर्व ठाऊक होतें काय, यावरून कळतें.

हाच धडा आपल्या भागास इतिहासानें फार कडू रीतीनें शिकविला आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसास भाव आला, आणि 1865 सालीं युद्ध संपतांच तो उतरला. सरकारी सारा मात्र वाढला. दक्षिणेंतील शेतकऱ्यानें सावकारापुढें अंगठे उठविले. काय लिहिलें आहे तें त्यास वाचतां येत नव्हतें. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं बाजारच्या दिवशीं लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि पुणें व नगर जिल्ह्यांत जागोजाग तेंच घडलें. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, लोकांनीं मुख्यतः मागितलीं तीं खतें, आणि जाळलीं तींही खतेंच. आपलें घर, बैल व शेत त्या कागदांत अडकलें आहे, एवढें त्या निरक्षर लोकांस नीट कळलें होतें. जाळपोळीचें आम्ही समर्थन करीत नाहीं. परंतु ज्या करारास मन राजी नव्हतें त्याचा शेवट कसा होतो, याचें तें उदाहरण आहे.

सरकारनें चौकशी केली व 1879 सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस साहाय्य करणारा कायदा केला. तो आरंभीं ज्या चार जिल्ह्यांस लागू झाला ते पुणें, सातारा, अहमदनगर व आपलें सोलापूर हे होत. या कायद्यानें न्यायाधीशास एक नवा अधिकार दिला. खतावर आंकडा काय आहे एवढेंच पाहून हुकूमनामा न देतां, त्यानें खताच्या मागें जावें, मूळ कर्ज किती, व्याज किती, फेड किती, याचा आरंभापासून हिशेब करावा. निरक्षर शेतकऱ्याचें खत गांवच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिलें जावें अशीही तजवीज केली. दामदुपटीचा, म्हणजे मुद्दलाहून अधिक व्याज घेऊं नये हा आपल्या देशाचा जुना नियमही होताच. मनुष्याची युक्ति मात्र कायद्याच्या पुढें धांवते. गहाणखत तपासलें जातें असें पाहून कित्येक सावकार त्याऐवजीं खरेदीखतच लिहून घेऊं लागले. हा प्रकार आजही अपरिचित नाहीं. म्हणूनच महाराष्ट्र राज्यानें 2014 सालीं केलेल्या सावकारी नियमनाच्या कायद्यांत, सावकारीच्या व्यवहारांत घेतलेल्या जमिनीची चौकशी करून ती मूळ मालकास परत देवविण्याची सोय ठेविली आहे. गहाण घेतलेलें गरिबाचें पांघरूण सूर्यास्तापूर्वीं परत द्यावें, असें निर्गमाच्या पुस्तकांत सांगितलें आहे, कारण त्याच्याजवळ रात्रीं दुसरें काय असणार? कर्ज घेणारा हाही मनुष्य आहे व त्यास थंडी वाजते, हें ज्यास आठवतें त्यास वरील कायद्याचें मर्म वेगळें सांगावें लागत नाहीं.

1872 च्या भारतीय करार कायद्यांत हें तत्त्व एका वाक्यांत सांगतां येईल अशा रीतीनें आलें आहे. करार खरा ठरण्यास संमति पाहिजे, आणि ती मोकळी पाहिजे. बळजबरी, गैरवाजवी दडपण, कपट, चुकीची माहिती किंवा गैरसमज यांनीं मिळविलेली संमति मोकळी नव्हे. यांतील गैरवाजवी दडपणाचा अर्थ विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावा. एक मनुष्य दुसऱ्याच्या मनावर सत्ता चालवूं शकेल अशा स्थानीं असेल आणि त्या स्थानाचा उपयोग करून त्यानें आपला फायदा करून घेतला, तर तें दडपण होय. त्यास काठी उगारावी लागत नाहीं. पुष्कळदां आवाजही चढवावा लागत नाहीं. मुलांसाठीं आणखी एक गोष्ट: अठरा वर्षांखालील मुलानें केलेला करार मुळांतच शून्य आहे, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलनें 1903 सालीं दिला व तो आजही प्रमाण आहे. तेव्हां कोणी लहान मुलापुढें कागद सारील तर त्यानें सही न करितां तो घरीं आणावा.

आतां आम्ही मूळ मुद्द्याकडे वळतों. गणनेच्या पुस्तकांत सलाफहादाच्या पांच मुलींची गोष्ट आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा हीं त्यांचीं नांवें. त्यांचा बाप मेला. त्यास मुलगा नव्हता. या पांच बहिणी मोशे, याजक व सर्व मंडळीपुढें उभ्या राहिल्या व पुत्र नाहीं म्हणून आमच्या बापाचें नांव कां बुडावें, असें त्यांनीं विचारलें. मोशेनें तो वाद परमेश्वरापुढें नेला, आणि त्या मुली बोलतात तें यथार्थ आहे असा निकाल झाला. ज्या प्राचीन काळीं स्त्रियांचीं नांवें क्वचितच लिहीत, त्या काळच्या ग्रंथांत या पांचही जणींचीं नांवें जपलीं आहेत. पुढें इयोबाच्या गोष्टींत तर मुलगे असतांही मुलींस भावांच्या बरोबरीनें वतन मिळाल्याचें सांगितलें आहे.

हिंदी ख्रिस्ती लोकांचा वारसाकायदा या बाबतींत बराच आधीं जागा झाला. 1865 च्या व त्यानंतर 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानें, मृत्युपत्र न करितां मरणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याच्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा विधवेस व उरलेले दोन हिस्से मुलांस मिळतात, आणि मुलगा व मुलगी यांत भेद नाहीं. त्रावणकोरांत मात्र 1916 चा वेगळा कायदा चालू होता. त्यानें मुलीस मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पांच हजार रुपये, यांतील जें कमी तें मिळे. मेरी रॉय या शिक्षिकेनें सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली आणि 1986 सालीं, तेथील ख्रिस्ती मुलींसही 1925 चा कायदाच लागू आहे असा निर्णय मिळविला. आमच्या हिंदु बंधूंच्या बाबतींत महाराष्ट्रानें 1994 सालीं व साऱ्या देशानें 2005 सालीं मुलीस मुलाप्रमाणें वडिलार्जित मालमत्तेंत जन्मसिद्ध हक्क दिला.

असा हा हक्क कायद्यानें दिला, आणि आम्हीं तो एका कागदानें परत घेतला. त्या कागदाचें नांव हक्कसोडपत्र. बाप वारला, दिवस झाले, कीं बहिणीस बोलावणें जातें. तिला जेवू घालतात, लुगडें देतात, आणि गाडींत बसवून नोंदणीच्या कचेरींत नेतात. तेथें ती सही करिते किंवा अंगठा उठविते. तिनें खुशीनें व राजीखुशीनें हक्क सोडला असें त्यांत दोनदां लिहिलेलें असतें; जी गोष्ट दोनदां लिहावी लागते तिजविषयीं सुज्ञांस शंका यावी. यांत ख्रिस्ती घरें मागें नाहींत, हें आम्ही लाजेनें लिहीत आहों. धर्मांतर केल्यामुळें मनुष्यास वारसा गमवावा लागूं नये म्हणून 1850 सालीं एकविसावा कायदा झाला. त्या वेळीं आमच्या समाजांतील आद्य पिढीस भाऊबंदांच्या घरांतून रिकाम्या हातानें निघणें म्हणजे काय तें ठाऊक होतें. जन्मानें मिळालेला हिस्सा रूढीनें हिरावूं नये, असें ज्यांच्या वतीनें म्हटलें गेलें, त्यांच्याच नातवंडांनीं आपल्या बहिणींस रिकाम्या हातानें पाठवावें, याहून विपरीत तें काय?

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं आम्हीं आपलें सांगितलें पाहिजे. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं आमचे वडील वारले. आई त्यापूर्वींच गेली होती. आमचे थोरले बंधु, आम्ही व दूरच्या गांवीं दिलेली आमची अक्का, अशीं आम्ही तीन भावंडें. हक्कसोडपत्र बंधूंनीं तयार करविलें. कचेरीच्या बाहेरील बांकावर अक्कानें विचारलें, "कशाचा रे हा कागद?" आम्हीं उत्तर दिलें, "नांव कमी करायचा. रीतच आहे तशी." ती पुढें कांहीं बोलली नाहीं. सही केली आणि परतीची एस. टी. किती वाजतां आहे एवढेंच विचारलें. त्या वेळीं आम्ही पदवीधर होतों, शिक्षक होतों, आणि 1925 चा कायदा आम्हांस ठाऊक होता. तिला ठाऊक नव्हता. आम्हीं खोटें बोललों नाहीं. केवळ खरें सांगितलें नाहीं. हनन्यानेंही याहून अधिक काय केलें होतें?

कित्येक वर्षांनीं वर्गांत सलाफहादाच्या मुलींचा पाठ चालू असतां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, मग आपल्याकडच्या बहिणी सही कां करितात?" आम्हीं कांहींतरी उत्तर देऊन तास संपविला, परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर घरीं आला. पुढील सुटींत आम्ही अक्काकडे गेलों व सर्व हकीकत तिला सांगितली. ती बराच वेळ चुलीपुढून उठली नाहीं. मग म्हणाली, "मला जमीन नको होती रे. मागितली असतीस तर हसत दिली असती. पण तू मागितलीच नाहीस, नुसती घेतलीस." आमच्या वांट्यास आलेल्या शेतांतून जेवढें तिचें होतें तेवढें आम्हीं रीतसर दस्त करून तिच्या नांवें केलें आहे. बंधूंचें मन अद्याप वळलेलें नाहीं, आणि त्यांच्याशीं आमचें बोलणें पूर्वीसारखें राहिलें नाहीं. हें सांगण्यांत आमचा मोठेपणा नाहीं; दहा-बारा वर्षें उशिरा फेडलेल्या देण्याचा मोठेपणा कसला?

या विषयावर जे आक्षेप ऐकूं येतात ते अगदींच पोकळ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. बहिणीच्या लग्नांत खर्च केला, हा पहिला. परंतु भावाच्या लग्नांतही खर्च होतो, आणि तो त्याच्या हिश्श्यांतून कोणी वजा करीत नाहीं. शिवाय हुंडा घेणें व देणें हा गुन्हा आहे. एका अन्यायाची पावती दुसऱ्या अन्यायापुढें दाखवितां येत नाहीं. जमिनीचे तुकडे पडतील, हा दुसरा आक्षेप. ही अडचण खरी आहे. पण दोन भाऊ असतांही तुकडे पडतातच; आणि जेथें शेत फोडणें इष्ट नसेल तेथें हिश्श्याची किंमत देतां येते, किंवा सामाईक ठेवून उत्पन्न वांटतां येतें. आई-बापांस म्हातारपणीं सांभाळलें तें भावानें, हा तिसरा आक्षेप. आणि तो सर्वांत वजनदार आहे. ज्यानें सेवा केली त्यास अधिक मिळावें असें बापास वाटत असेल तर त्यानें जिवंतपणीं तसें मृत्युपत्र करावें. आपल्या कष्टाच्या मालमत्तेचें मृत्युपत्र करण्यास कायद्याची मुभा आहे. मेलेल्या बापाच्या मनांतलें आपण आपल्या सोयीनें लिहूं नये.

चौथा आक्षेप भाऊ बोलून दाखवीत नाहींत. तो बहिणीच सांगतात. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, असें त्या म्हणतात. ज्या बहिणीस माहेर टिकविण्यासाठीं सही करावी लागते तिची संमति मोकळी कशी म्हणावी? करार कायद्यांतील दडपण याहून वेगळें काय असतें? काठी नाहीं, आवाज नाहीं. पण सही न केल्यास दिवाळीस दार उघडेल कीं नाहीं, हें भय पुरेसें आहे.

म्हणजे बहिणीनें कधींच हक्क सोडूं नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. सधन घरीं दिलेल्या बहिणीनें अडचणींतल्या भावास आपला हिस्सा प्रेमानें द्यावा, यासारखी सुंदर गोष्ट नाहीं. तें दान होय, आणि कायदाही जवळच्या नातलगांनीं स्वाभाविक प्रेमानें केलेला, लिहिलेला व नोंदलेला करार मोबदल्यावांचून मान्य करितो. परंतु आपलें काय आहे तें ठाऊक असेल तरच मनुष्य दान करूं शकतो. न सांगतां घेतलेल्या वस्तूस दान हें नांव शोभत नाहीं.

तेव्हां पालकांस आमची विनंति अशी. घरांत हक्कसोडपत्र करावयाचें असेल तर बहिणीस आधीं तिचा हिस्सा किती व त्याची आजची किंमत काय, हें आंकड्यांत सांगावें. कागद तिला दोन दिवस आधीं द्यावा व तिच्या विश्वासांतील कोणाकडून वाचवून घ्यावा. ती 'नाहीं' म्हणाली तर पुढच्या सणास तिला पूर्वीच्याच मायेनें आणावें. ही तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंपेक्षां कठीण आहे, पण तिच्यावांचून पहिल्या दोन्ही व्यर्थ आहेत. आणि भगिनींस व मातांस आमची विनंति अशी कीं, न वाचलेल्या कागदावर सही करूं नये, कोऱ्या कागदावर तर मुळींच करूं नये. घाई करणाऱ्यास एवढेंच सांगावें कीं, यिर्मया कैदेंत असतांही त्यानें रुपें तोलून व साक्षीदार बसवून सौदा केला. आपणांस तर कोणीं वेढा घातलेला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, शाळेंत तुम्हांस आम्ही सही करावयास शिकवितों. गुणपत्रिकेवर, ग्रंथालयाच्या वहींत, परीक्षेच्या अर्जावर तुम्ही ती आनंदानें करितां. पुढें एक दिवस असा येईल कीं, तुमच्यापुढें तुमच्या बहिणीच्या नांवाचा कागद ठेवला जाईल, किंवा तुम्हींच ती बहीण असाल. त्या दिवशीं शुद्धलेखन विसरलें तरी चालेल. पण कागद उघडा करून, सर्वांसमक्ष, मोठ्यानें वाचावा, आणि ज्याचें हित जात असेल त्यास समजेल अशा भाषेंत सांगावा. मग ज्यास सही करावयाची त्यानें करावी.